घरगुती साबणात नेमकं काय काय घालतात, आणि का?

रानजाई

नमस्कार मंडळी. घरी साबण करायला शिकायचं बरेच दिवस मनात आहे, पण सामानाच्या यादीपाशीच गाडी अडते. जाऊबाईंनी एका प्रदर्शनातून वड्या आणल्यात. वर ठसठशीत 'केमिकल-फ्री' आणि मागे बारीक अक्षरात सोडियम कोकोएट, सोडियम ऑलिव्हेट, ग्लिसरीन, हळद. दुसरीकडे कोणतीही कृती उघडली की पहिल्याच ओळीत कॉस्टिक सोडा. म्हणजे मोरीचा पाइप तुंबला की घालतात तोच ना? तो अंगाला लावायचा?

माझे प्रश्न असे:
कॉस्टिकशिवाय साबण होतो का? प्रत्येक कृतीत चार-पाच तेलं कशाला, एकाने भागत नाही का? आणि पाम, शिया वगैरे सोडून आपल्याकडच्या वाण्याकडे मिळणाऱ्या तेलांत काय बसतं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. "विकतचा आणा" हा सल्ला घरातून मिळालेला आहे, पुन्हा नको.

खोडसाळ

विकतचा आणा. :)

(हलके घ्या.) बाकी केमिकल-फ्री साबण खरोखर मिळाला तर वेष्टन उघडल्यावर आत काहीच नसेल. पाणीसुद्धा केमिकलच आहे. आता काका येतीलच.

केमिकल_काका

आलो.

रानजाई, प्रश्न रास्त आहे. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तेल म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेली तीन मेदाम्लं. कॉस्टिक त्यांची ताटातूट करतो: मेदाम्लं सोडियमला जाऊन मिळतात, तो साबण, आणि ग्लिसरीन मोकळं होतं. प्रक्रिया पुरी झाली की कॉस्टिक उरत नाही. म्हणून लेबलावर 'खोबरेल आणि कॉस्टिक' न लिहिता 'सोडियम कोकोएट' लिहिलेलं असतं. ऑलिव्ह तेलाचा झाला की ऑलिव्हेट, पामचा पामेट. जाऊबाईंच्या वडीत कॉस्टिक घातलेलं होतंच, आता नाही एवढंच. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अल्कलीशिवाय, म्हणजे कॉस्टिकसारख्या क्षाराशिवाय, साबण होत नाही. कडक वडीला सोडियमवाला, पातळ किंवा मऊ साबणाला पोटॅशियमवाला.

पण 'उरत नाही' हे हिशेब बरोबर असेल तरच. प्रत्येक तेलाला लागणारं कॉस्टिक वेगळं. दर ग्रॅम तेलामागे ढोबळ आकडे असे: खोबरेल ०.१८३, पाम ०.१४१, ऑलिव्ह ०.१३५, सूर्यफूल ०.१३५, एरंडेल ०.१२८. खोबरेलाची मेदाम्लं आखूड असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त भरते आणि कॉस्टिकही जास्त लागतं. म्हणून कृतीतलं एक तेल बदलून दुसरं तेवढंच ओतायचं, हे साबणात चालत नाही. फोडणीला शेंगदाण्याऐवजी सूर्यफूल घेतलंत तर कुणाला कळणारही नाही, इथे कातडीला कळेल.

सगळेच जण हिशेबापेक्षा कॉस्टिक मुद्दाम कमी घालतात, साधारण ५ टक्के. तेवढं तेल साबण न होता वडीत राहतं. इंग्रजीत त्याला सुपरफॅट म्हणतात. त्याने वडी सौम्य होते आणि मोजमापातल्या बारीक चुकीला थोडी जागाही राहते.

निशिगंध

काकांनी पाया घातला, वरचे मजले मी चढवते. बरीच वर्षं साबण करते आहे, घरासाठी आणि भेट द्यायला.

एकाच तेलाने भागतं का? भागतं, पण त्या तेलाचे गुण-अवगुण दोन्ही पदरात पडतात.

खोबरेल: जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल. वडी टणक, फेस भरपूर, मोठे फुगे, मळ झटक्यात निघतो. निघतो म्हणजे त्वचेवरचं तेलही निघतं. मिश्रणात तिसऱ्या हिश्शाच्या वर गेलं की अंग ओढल्यासारखं होतं. निव्वळ खोबरेलाचा करायचा तर सुपरफॅट २० टक्क्यांपर्यंत ठेवतात. खाऱ्या पाण्यातही फेस देतो म्हणून बोटीवर वापरायचे तो हाच.

ऑलिव्ह: ओलेइक आम्ल. अंगाला मऊ, पण फेस कमी आणि जरा बुळबुळीत. वडी सुरुवातीला बोटाने दाबली जाईल इतकी मऊ असते. निव्वळ ऑलिव्हची वडी मुरायला महिनोन् महिने द्यावे लागतात. शेंगदाणा आणि राइस ब्रॅन थोडंफार याच घराण्यातले.

एरंडेल: हा मसाला, भाजी नव्हे. ५ ते १० टक्के. स्वतः फेस करत नाही, दुसऱ्याने केलेला टिकवतो. जास्त घातलं की वडी चिकट.

घट्ट मेद: पाम, शिया, कोकम. वडी लवकर झिजू नये म्हणून.

म्हणून चार तेलं. फेस एकाचा, मऊपणा दुसऱ्याचा, टणकपणा तिसऱ्याचा. तुमच्या यादीत पाम नको असेल तर अजिबात अडत नाही.

मालवणी_झील

कोकमाचं नाव निघालं म्हणून आलो. आमच्याकडे ह्याका मुठेल म्हणतत, गोव्यात भिरंडेल. आजी करायची ते आठवतंय: कोकमं फोडली की बिया राखेत घोळून उन्हात वाळवायच्या, फोलपटं काढून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळत ठेवायचा. वर तवंग धरतो. तो पळीने काढून थंड होत आला की मुठीत दाबून गोळा वळायचा. बोटांचे ठसे तसेच राहायचे त्यावर. पावसाळ्यात टाचांच्या भेगांना तोच, आणि ओठांनाही.

प्रश्न असा की हे घरचं मुठेल साबणात चालेल का? दुकानात 'कोकम बटर' म्हणून पांढरंशुभ्र मिळतं, त्याची किंमत बघून मी मागे फिरलो. घरात दोन गोळे पडलेत.

निशिगंध

चालेल, मजेत. फक्त वितळवून फडक्यातून गाळून घ्या, आत भुसा असतो. ५ ते १० टक्के पुरे. कोकमात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, म्हणून ते थेट ४० अंशांच्या आसपास वितळतं आणि वडीला दगड करतं. जास्त झालं तर वडी कापताना तुकडे पडतात आणि फेसही रुसतो. आणि मिश्रण कोमट असताना घाला; गार तेलात घातलंत तर कोकमाचे पांढरे कण परत गोठतात आणि तुम्हाला वाटतं साबण झाला.

दुकानातलं शुभ्र असतं कारण ते शुद्ध केलेलं असतं. घरच्याला किंचित वास येतो, साबणात तो जाणवत नाही.

सोलापूरकर

आमच्याकडे करडईचं तेल घाण्यावरून ताजं मिळतं. ऑलिव्हला इतके पैसे घालण्यापेक्षा करडईच ओतली तर? आपलं ते आपलं.

केमिकल_काका

भाकरीवर ओता, साबणात बेताने. पारंपरिक करडईत तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं. ते हवेने लवकर खवटतं. दोन-तीन महिन्यांत वडीवर केशरी ठिपके येतात आणि जुन्या फरसाणाचा वास. सूर्यफूल आणि सोयाबीन याच पंगतीतले. १० टक्क्यांपर्यंत खपून जातं. जास्त ओलेइकवाल्या करडईच्या जातीही निघाल्यात, त्या मिळाल्या तर गोष्ट वेगळी, पण घाणेवाल्याला ते विचारून बघा, तोच तुमच्याकडे बघत बसेल.

आपलंच हवं तर शेंगदाणा घ्या. त्यात ओलेइक बऱ्यापैकी आहे.

सोलापूरकर

म्हणजे शेंगा चटणीला पण आणि साबणाला पण. सोलापूरला काय नकोच दुसरं.

पेठेतला

एक शंका. हा सगळा खटाटोप (तेलं, बटर, वजनकाटा, महिनाभर वाट) करून जी वडी हाती येते तिची किंमत दुकानातल्या वडीच्या तिप्पट. दुकानातली पण साबणच ना? आमच्या घरात वर्षभर एक आणि दिवाळीला मोती, यावर चार पिढ्या स्वच्छ राहिल्या. (पाव्हण्यांना मोती देत नाही.)

निशिगंध

पैसे वाचवायला कुणी साबण करत नाही हो. लोणचंही विकत स्वस्तच पडतं.

पण फरक आहे. कारखान्यात ग्लिसरीन वेगळं काढून घेतात, त्याला स्वतंत्र गिऱ्हाईक असतं. घरच्या वडीत ते आतच राहतं. शिवाय दुकानातली प्रत्येक वडी 'साबण' नसतेच. वेष्टनावर बारीक अक्षरात बघा, 'टॉयलेट सोप' लिहिलंय की 'बेदिंग बार'.

केमिकल_काका

बरोबर. भारतीय मानकाप्रमाणे टॉयलेट सोपच्या तीन प्रती आहेत. एकूण मेद पदार्थ, म्हणजे वेष्टनावरचा टीएफएम, पहिल्या प्रतीत किमान ७६ टक्के, दुसरीत ७०, तिसरीत ६०. बेदिंग बारला ४० टक्के असलं तरी चालतं. पेठेतले, आज अंघोळीआधी वाचा आणि इथे कळवा.

आणखी एक वाचायचं असेल तर 'सोडियम टॅलोएट'. म्हणजे जनावराची चरबी. शाकाहारी मंडळी हिरवा ठिपका शोधत बसतात, हा शब्द शोधला की काम होतं.

पेठेतला

वाचलं. ७६ आहे. चार पिढ्यांची इज्जत राहिली.

त्वचाविद

व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं पाणी ओततो. कुठलाही खरा साबण, घरचा असो वा कारखान्याचा, ९ ते १० पीएचचा असतो (पीएच म्हणजे आम्ल की अल्कली याचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली). त्वचा साडेपाचच्या खालीच असते. निरोगी त्वचा हे सहन करते आणि थोड्या वेळात पूर्ववत होते. पण ज्यांना एक्झिमा आहे, ज्यांची कातडी मुळातच कोरडी आहे, तान्ही बाळं, यांना 'घरचा आहे, नैसर्गिक आहे' म्हणून हा साबण लावू नका. त्यांना साबण नसलेला, सौम्य डिटर्जंटचा बार जास्त मानवतो. तो ऐकायला 'केमिकल' वाटतो, पण त्याचा पीएच त्वचेजवळ आणता येतो.

माझ्याकडे 'घरगुती कडुनिंब साबणाने बरं होईल' म्हणून महिनाभर थांबलेली गजकर्णाची पेशंट मंडळी येतात. तोवर ते घरभर पसरलेलं असतं.

जुईली

मग साबणात लिंबाचा रस घालून पीएच खाली आणता येईल ना? मी एका व्हिडिओत पाहिलं.

केमिकल_काका

नाही येणार. लिंबाचं आम्ल आधी कॉस्टिक खातं, म्हणजे तुमचा सुपरफॅट वाढतो आणि सोडियम सायट्रेट तयार होतं. आणखी आम्ल ओतत राहिलात तर साबणच मोडतो, मेदाम्लं वेगळी होऊन तरंगतात. साडेपाच पीएचचा साबण ही वस्तू नाहीच.

सोडियम सायट्रेटचा दुसरा उपयोग आहे, पण तो कुणी विचारला तर सांगीन.

बोअरवेल_वासी

विचारतो. छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर राहतो, पाणी इतकं जड की किटलीत महिन्यात दगड तयार होतो. घरचा साबण वापरला तर फेस येत नाही आणि फरशीवर राखाडी साय जमते. बायको म्हणते साबण बनावट. उत्तर काढा काका, घरात शांतता हवी आहे.

केमिकल_काका

वहिनींना सांगा साबण अस्सल आहे, पाणी वाईट आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडियमला हुसकावून मेदाम्लांना चिकटतं आणि न विरघळणारा साबण तयार होतो. तीच ती साय. हे नाही झालं तरच साबण बनावट म्हणायचा! डिटर्जंटला हा त्रास नाही.

उपाय: सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत, तेलाच्या वजनाच्या १ ते २ टक्के. ते आधी पाण्यात विरघळवायचं आणि त्याने खाल्लेलं कॉस्टिक भरून काढायचं. दर ग्रॅम निर्जल लिंबूसतामागे ०.६२ ग्रॅम कॉस्टिक जादा. तयार होणारं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं. साय पूर्ण जाणार नाही, पण निम्मी तक्रार तरी कमी होईल.

जुईली

आता हळद! मला हळदीचा पिवळाधमक साबण करायचा आहे, केळवणाला भेट म्हणून. किती चमचे?

निशिगंध

सावकाश. हळदीला अल्कली भेटली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे, हळदीत चुना कालवूनच कुंकू करतात. साबणातही मिश्रण आधी लालसर विटकरी होतं, मग वडी मुरत जाते तसं केशरी-पिवळ्याकडे येतं आणि उजेडात ठेवली तर फिकट पडते. अर्धा किलो तेलाला पाव ते अर्धा चमचा पुरे. जास्त घातली तर नवरीच्या टॉवेलवर रंग.

आणि बीट, गाजर, जास्वंद, गुलाबपाकळ्या घालून रंगीत वड्यांचे फोटो दिसतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. बीट चक्क तपकिरी होतं. पाकळ्या सुकून झुरळाच्या पंखासारख्या दिसतात, सांगून ठेवते. टिकाऊ रंग हवेत तर मुलतानी माती, गेरू, लोहाचे रंग, अल्ट्रामरिन निळा. कोळसा पण छान.

दूध आणि मध घालणार असाल तर वेगळं प्रकरण: त्यातली साखर कॉस्टिकच्या उष्णतेने करपते. दूध बर्फ करून त्यावर थोडं थोडं कॉस्टिक घालतात. तरी वडी फिकी तपकिरी होतेच.

लवंग आणि दालचिनीच्या तेलापासून लांब राहा. कातडी चुरचुरते ते आहेच, शिवाय भांड्यात डोळ्यांदेखत सगळं मिश्रण थिजतं.

अटलांटाची_मावशी

कडुनिंबाचं तेल कुणी वापरलंय का? इथे माझ्या सुनेने भारतीय दुकानातून आणून साबण केला. मुलगा म्हणाला, आई, तळघरात काही मेलंय का बघ.

निशिगंध

मावशी, तो वास गंधकाच्या संयुगांचा. ५ टक्क्यांवर नेऊ नका आणि वर चहापातीच्या गवताचं (गवती चहाचं) तेल घाला, तेवढंच एक त्याच्याशी झुंजतं.

त्वचाविद

आणि कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन अल्कलीत टिकत नाही. लेबलावर औषधी गुण लिहिण्याआधी याचा विचार व्हावा.

गडचिरोलीकर

तुमच्या यादीत आमचा मोह कसा नाही? मोहाच्या फुलांची दारू सगळ्यांना ठाऊक, पण टोळंबीचं, म्हणजे बियांचं तेल कुणी विचारत नाही. गावाकडे ते खातात, दिव्यात घालतात, अंगाला लावतात. थंडीत तुपासारखं गोठतं. खादी ग्रामोद्योगाच्या यादीत अखाद्य तेल आणि साबण असा वेगळा उद्योगच असायचा. मोह, करंज, कडुनिंब जमा करायचं आणि साबणाला द्यायचं. कल्पना अशी की खायचं तेल साबणात जाऊ नये. ऑलिव्ह परदेशातून आणून त्याला 'नैसर्गिक' म्हणणाऱ्यांनी इकडेही एकदा बघावं.

केमिकल_काका

शंभर टक्के सहमत. मोहाचं तेल साबणाला उत्तम, ओलेइक भरपूर आणि वडी टणक करायला पामिटिक, स्टिअरिकही. मी कामाला होतो तिथे धुण्याच्या साबणाला करंज यायचं. वास यायचा पण काम चोख.

अटलांटाची_मावशी

ऑलिव्हला अगदी नावं ठेवू नका हं. भूमध्य समुद्राच्या काठी ते घरचंच तेल. सीरियातल्या अलेप्पोत ऑलिव्हमध्ये लॉरेलचं तेल घालून साबण शिजवतात, पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसला ऑलिव्हचाच. नाब्लुसच्या वड्या एकावर एक रचून उंच मनोरे करतात, मधून हवा खेळावी म्हणून. २०२४ मध्ये युनेस्कोने दोन्ही कला वारसा यादीत घेतल्या. फ्रान्समधल्या मार्सेच्या चौकोनी ठोकळ्यावर ७२ टक्के असा शिक्का असतो, तो तेलाचा आकडा. तीन-चार घटकांत शतकं निघाली त्यांची. आपण मात्र शिया, आर्गन, जोजोबा असं नवग्रहपूजन मांडतो.

खोडसाळ

नवग्रहपूजन! मावशी _/\_

बरं, त्या काचेसारख्या पारदर्शक वड्या? आमच्या सोसायटीत एक ताई विकतात, 'लाय (म्हणजे कॉस्टिक) वापरत नाही' म्हणतात.

निशिगंध

तो तयार बेस. किलोकिलोने ठोकळा मिळतो, वितळवायचा, रंग-वास घालायचा, साच्यात ओतायचा, तासाभरात वडी. कॉस्टिक ताईंनी वापरलेलं नाही हे खरं, कारखान्याने वापरून झालेलं आहे. त्यात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल असतं, काही बेसमध्ये एसएलएस हे डिटर्जंटही. वाईट नाही. लहान मुलांबरोबर करायला तर तोच बरा. पण त्यातली तेलं तुम्ही निवडलेली नसतात. म्हणून बेस घेताना त्याच्या घटकांची यादी मागा. देत नसेल तर दुसरीकडे जा.

त्यात ताजं कोरफड, काकडी, पपई किसून घालू नका. साध्या कॉस्टिकच्या साबणात पीएचमुळे बुरशी धरत नाही, पण बेसमधल्या ताज्या गराला हमखास धरते.

दुकानदार_नाना

माझं किराणा आणि हार्डवेअर, दोन्ही आहे. गिऱ्हाईक येतं, 'सोडा द्या साबणाला'. कुठला? खायचा सोडा वेगळा, धुण्याचा वेगळा, कॉस्टिक वेगळा. पहिल्या दोघांनी तेलाचा साबण होत नाही, कितीही ढवळा. आणि पाइप साफ करायची पाकिटं साबणाला घेऊ नका, काहींत ॲल्युमिनियमचे कण असतात. नुसता कॉस्टिक, पापुद्रे किंवा मणी, शुद्धता लिहिलेली गोणी किंवा बरणी बघून घ्या. उघडी राहिली की हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढते, बळ जातं. पावसाळ्यात तर चिखल होतो. मग हिशेब बरोबर असूनही साबण तेलकट.

केमिकल_काका

नानांनी लाखमोलाचं सांगितलं. सुरक्षेचंही एकदा लिहून टाकतो, पुढे कुणी धागा वाचून उत्साहाने उठेल म्हणून.

कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही नाही. उलट केलंत तर उकळून अंगावर उडतं. पाणी साधं असलं तरी दोन मिनिटांत ८०-९० अंशांना जातं, आधी दुधाळ दिसतं आणि नाकात झोंबणारी वाफ निघते. म्हणून गॅलरीत किंवा खिडकीपाशी. चष्मा, हातमोजे, लांब बाह्या. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचं. ॲल्युमिनियमचं पातेलं मुळीच नाही: कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सोडतं. काचही नको, तापून तडकते.

अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं. व्हिनेगर, लिंबू लावत बसू नका, त्या प्रक्रियेतून आणखी उष्णता निघते. डोळ्यात गेलं तर धुत धुतच दवाखाना गाठायचा.

घरात रांगतं मूल असेल तर ते झोपल्यावरही नको. आजोळी गेल्यावर.

रानजाई

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांना धन्यवाद. काकांच्या प्रतिसादाची प्रिंट काढून स्वयंपाकघरात लावली, घरच्यांनी ती वाचली आणि आता मला स्वयंपाकघरात येऊच देत नाहीत.

पण ठरवलंय. अर्धा किलो तेलाची पहिली वडी. खोबरेल १५०, ऑलिव्ह ३००, एरंडेल ५०. हिशेब असा केला: २७.४५ + ४०.५ + ६.४, एकूण ७४.३५. त्यातून ५ टक्के वजा, ७०.६ ग्रॅम कॉस्टिक. पाणी दुप्पट, १४१. बरोबर आहे का?

आणि एक. दुकानात खोबरेल नाही मिळालं तर त्याच्या जागी सूर्यफूल १५० घेऊ?

केमिकल_काका

हिशेब चोख. शाबास.

सूर्यफूल घेतलंत तर मात्र हा हिशेब फाडून टाका. सूर्यफुलाला २०.२५ लागतं, म्हणजे एकूण गरज उतरते ६७.१५ वर. तुम्ही ७०.६ घातलेत तर साडेतीन ग्रॅम कॉस्टिक वडीत तसंच राहील. शिवाय फेस देणारं तेलच गेलं. खोबरेल मिळेपर्यंत थांबा. आणि 'केशतेल' लिहिलेली सुगंधी बाटली नको, खाद्य खोबरेल घ्या.

जुईली

झालं की नाही हे कसं कळतं? व्हिडिओत सगळे 'ट्रेस आला, ट्रेस आला' म्हणतात.

निशिगंध

कॉस्टिकचं पाणी आणि तेल, दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करायचं. हँड ब्लेंडर असेल तर थोडं फिरवायचं, थोडं नुसतं ढवळायचं. आधी वर तेलाची नक्षी दिसत राहते, मग एकजीव फिकट होतं. ब्लेंडर बंद करून वर उचला. थेंब पडला की लगेच बुडाला तर वेळ आहे. पडलेली धार पृष्ठभागावर दोरीसारखी क्षणभर उठून दिसली की ट्रेस. लगेच साच्यात. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच कापायचं. मग हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटवता, चार ते सहा आठवडे. साबण बहुतेक पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच होतो, पुढचे आठवडे पाणी उडायला आणि वडी टणक, सौम्य व्हायला.

वर पांढरी भुकटी आली तर घाबरू नका, धुण्याचा सोडाच तो, हवेशी लागून झालेला. खरवडून टाका. शंका असेल तर ओलं बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोकाला टेकवा. चटका बसल्यासारखं झणझणलं तर वडी वापरू नका.

खोडसाळ

म्हणजे लहानपणी आईने खोटं बोललो म्हणून तोंडात साबण घातला होता, ती चाचणी होती तर.

पेठेतला

रानजाई, पुढे विकणार असाल तर कळवा. भाव ऐकून मग बोलू.

निशिगंध

विकण्याआधी परवाना बघा हं. आपल्याकडे अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो, १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात. उत्पादनाचा परवाना राज्याच्या एफडीएकडून. वेष्टनावर घटक, वजन, बॅच, तारीख, सगळं लागतं. 'मुरुमं घालवतो' असं लिहिलंत की ते औषधाकडे सरकतं. मी याच कटकटीपायी विकत नाही, भेट देते. जाऊबाईंच्या वडीवर परवाना क्रमांक आहे का बघा जरा.

रानजाई

बघितलं. नाही. केमिकल-फ्री मात्र तीनदा लिहिलंय.

मालवणी_झील

रानजाई, दोन गोळ्यांतला एक मुठेलाचा तुम्हाला पाठवू का? गणपतीक गावाक जातलंय, येताना आणतंय. एरंडेल तेवढंच ठेवा, ऑलिव्हमधले ५० कमी करा.

केमिकल_काका

आणि कॉस्टिक परत मोजा! कोकमाचा आकडा ऑलिव्हच्या जवळच आहे, फार फरक पडणार नाही, पण सवय लागू दे. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या, चमच्याने मोजू नका.